तंबूतला बोलपट आणि सोळा ओहमचा हिशेब

१/२२
जुन्या सिनेमायंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर कुठे भंगारात पडलेला दिसला, तर त्याची मागची बाजू अवश्य पाहावी. तेथे एका काळ्या पट्टीवर ओळीने चार-पाच स्क्रू असतात आणि त्यांच्याखाली आकडे असतात : ०, ४, ८, १६. क्वचित त्यापुढे ५००. हे आकडे ओहमचे आहेत. पुसदसारख्या, रेल्वेमार्गापासून दूर राहिलेल्या भागात बोलपटातला शब्द शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचतो की नाही, हे पुष्कळदा यांतल्या कोणत्या स्क्रूला तार जोडली यावर ठरत असे. आजचा धागा या आकड्यांच्या इतिहासाचा.

२/२२
आधी स्थळ पाहू. पूस नदीकाठचे पुसद म्हणजे वऱ्हाडचा दक्षिण कोपरा. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे पूर्वीचे निजामाचे राज्य. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. पुढे प्रांत गेले, संस्थान गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी चित्रपट वितरणाच्या धंद्यात वऱ्हाडाची हद्द ‘सी. पी. बेरार’ आणि मराठवाड्याची हद्द ‘निजाम’ या नावांनीच ओळखली जात राहिली. वितरकांच्या वह्यांत जुना नकाशा टिकून राहिला.

३/२२
अशा प्रदेशांत सिनेमा प्रथम आला तो पक्क्या इमारतींतून नव्हे, तंबूतून. या फिरत्या खेळांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक म्हणजे अब्दुलअली इसूफअली. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी आग्नेय आशियात आणि पुढे हिंदुस्थानात तंबू घेऊन भ्रमंती केली. त्यांचा तंबू सुमारे १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद होता. त्यात हजारभर माणसे बसत. ही १०० फुटांची लांबी लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

४/२२
मूकपटाच्या काळात या लांबीची अडचण नव्हती. चित्र दिसले की पुरे. हाताने फिरवायचे यंत्र, एक प्रखर दिवा, पांढरा पडदा, जोडीला पेटी-तबला, एवढ्यावर खेळ उभा राहत असे. यंत्राचा वेग थोडा मागेपुढे झाला तरी बिघडत नसे. पाट्या वाचता न येणाऱ्यांना शेजारचा वाचून दाखवी. तंबूवाल्याला प्रकाशाची काळजी होती, आवाजाची नव्हती.

५/२२
१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि हा हिशेब बदलला. योगायोग असा की, या मॅजेस्टिकच्या मालकीत इराणींचे भागीदार होते ते हेच तंबूवाले इसूफअली. ज्याने तंबूतून मूकपट दाखवत उमेदवारी केली, त्याच्याच पडद्यावरून हिंदुस्थानातला पहिला बोलपट बोलला. त्या बोलण्याने साऱ्या तंबूवाल्यांपुढे मात्र नवे संकट उभे केले.

६/२२
पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडद्यावर मराठी ऐकू येऊ लागली. ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. तेच दामले १९३६ साली फत्तेलाल यांच्यासह ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक झाले. तो चित्रपट तर मूळचाच अभंगांचा. कीर्तनाला बसावे तसा प्रेक्षक त्याला बसणार. त्यात शब्द ऐकू आला नाही, तर मग राहिले काय?

७/२२
फिल्मवर आवाज असतो कुठे? ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर चित्रचौकटींच्या कडेला एक बारीक रेघ धावते. कधी ती कमी-जास्त रुंद होते, कधी फिकी-गडद. एका छोट्या दिव्याचा प्रकाश अरुंद फटीतून या रेघेवर पडतो आणि पलीकडच्या प्रकाशविद्युत घटावर पोचतो. रेघ बदलते तसा प्रकाश बदलतो, प्रकाश बदलतो तसा घटातला वीजप्रवाह. यासाठी फिल्म एकसारख्या वेगाने, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, धावावीच लागते. हाताने यंत्र फिरवण्याचे दिवस तेथेच संपले.

८/२२
घटातून निघणारा हा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. त्याला मोठे करणारा तो अ‍ॅम्प्लिफायर, आणि मोठ्या झालेल्या विजेचे पुन्हा हवेच्या कंपनांत रूपांतर करणारा तो लाउडस्पीकर. आज सोपी वाटणारी ही साखळी त्या काळी एका ठिकाणी हटकून तुटत असे. दिवा ठीक, घट ठीक, व्हॉल्व्ह लखलखताहेत, भोंगाही शाबूत. पण आवाज मात्र घोगरा, दबलेला, फाटलेला. प्रत्येक वस्तू चांगली असून त्यांची एकमेकींशी गाठ नीट पडलेली नसे.

९/२२
मोठ्या शहरांतील सिनेमागृहांना ही पीडा कमी होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक किंवा आरसीए या कंपन्यांची ध्वनियंत्रणा एकसंध येई. तिच्यातला अ‍ॅम्प्लिफायर कोणत्या भोंग्याला जोडायचा, हे कारखान्यातच ठरलेले असे. फिरत्या टॉकीजवाल्याला हे ऐश्वर्य कुठून परवडणार? यंत्र एका ठिकाणचे, अ‍ॅम्प्लिफायर दुसरीकडचा, भोंगे जुन्या बाजारातून उचललेले. म्हणून जुळवणीचा जो प्रश्न शहरात अभियंता सोडवून ठेवी, तो माळरानावर ऑपरेटरला रोज सोडवावा लागे.

१०/२२
या प्रश्नाचे नाव इंपीडन्स, मराठीत संरोध. हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये रूढ केला. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला तार करते तो साधा रोध. आवाजाची वीज मात्र क्षणाक्षणाला दिशा बदलते, आणि तिला स्पीकरमधील वेटोळे जो एकूण अडथळा करते तो संरोध. म्हणूनच ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर साध्या मीटरवर ६ ओहमच्या आसपास भरतो. मीटर फक्त रोध मोजतो. स्पीकर बिघडलेला नसतो.

११/२२
आता दोन टोके पाहा. १९३६ साली अमेरिकेत ६एल६ नावाचा व्हॉल्व्ह आला. असे दोन व्हॉल्व्ह जोडीने लावले आणि ३६० व्होल्टचा दाब दिला, की सुमारे २६ वॉट शक्ती मिळे. अट एकच : त्यांच्यापुढचा भार ६६०० ओहमचा हवा. भोंग्याच्या वेटोळ्याचा संरोध मात्र १६ ओहम. व्हॉल्व्हला मोठा दाब आणि थोडा प्रवाह मानवतो. स्पीकरला थोडा दाब आणि मोठा प्रवाह लागतो. दोघांचा स्वभावच निराळा.

१२/२२
हे समजायला आपल्या विहिरीवरची मोट आठवावी. बैल धावेवरून उतरतात, नाड्याला बांधलेली मोट वर येते. मोट फार लहान असेल तर बैल भरभर उतरतील, पण पाणी थोडे. फार मोठी असेल तर बैल जागचे हलणार नाहीत. पाणी पुन्हा थोडेच. बैलजोडीच्या ताकदीला साजेशी मोट असली की पाट भरून वाहतो. व्हॉल्व्ह म्हणजे बैलजोडी, स्पीकर म्हणजे मोट. जाणत्या शेतकऱ्याला जो हिशेब अंगवळणी पडलेला होता, तोच येथे विजेच्या भाषेत मांडलेला आहे.

१३/२२
फरक इतकाच की स्पीकरचे वेटोळे मोटेसारखे मापाने बदलून घेता येत नाही. म्हणून मध्ये रोहित्र येते. लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी : एकाला पुष्कळ फेरे, दुसऱ्याला थोडे. फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग जितका, तितक्या पट संरोध बदललेला ‘दिसतो’. ६६०० भागिले १६ म्हणजे सुमारे ४१२. त्याचे वर्गमूळ सुमारे २०. म्हणजे एका बाजूला २० फेरे असतील तर दुसऱ्या बाजूला एक. एवढे साधले की १६ ओहमचा भोंगा व्हॉल्व्हला ६६०० ओहमचा वाटतो.

१४/२२
आता त्या काळ्या पट्टीवरच्या आकड्यांचा उलगडा होईल. थोड्या फेऱ्यांच्या वेटोळ्यातूनच निरनिराळ्या ठिकाणी तारा बाहेर काढून ४, ८, १६ असे स्क्रू केलेले असतात. १६च्या स्क्रूला चुकून ४ ओहमचा भार जोडला, तर व्हॉल्व्हला ६६०० ऐवजी १६५० ओहम दिसतात : मोट फार जड झाली. उलट ४च्या स्क्रूला १६ ओहमचा भोंगा लावला, तर २६,४०० : मोट फार हलकी झाली. ढोबळ हिशेबाने दोन्ही चुकांत स्वच्छ आवाजाची शक्ती चौथाईवर येते.

१५/२२
चौथाई शक्ती म्हणजे प्रेक्षकाच्या कानाला काय? तंबूच्या कापडी कनातींवरून पक्क्या भिंतींसारखा आवाज परतत नाही. तो बाहेर निघून जातो. त्यामुळे तेथे जवळजवळ मोकळ्या मैदानाचा नियम चालतो : अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई. म्हणजे १०० फुटांवर जेवढे ऐकू यायला हवे, तेवढे आता ५० फुटांवरच येणार. एका चुकलेल्या स्क्रूने मागचा अर्धा तंबू बहिरा होतो. मग ऑपरेटर आवाज वाढवतो, व्हॉल्व्ह कुवतीबाहेर जातात आणि आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात गाण्याची चाल ओळखू येते, शब्द मात्र हरवतात.

१६/२२
भोंगे एकाहून अधिक असले की गणित वाढते. १६ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की ८ ओहम. चार जोडले की ४. दोन-दोन भोंगे एकामागोमाग जोडून अशा दोन जोड्या समांतर लावल्या, की पुन्हा १६. म्हणजे यात्रेत गर्दी पाहून मालकाने ‘आणखी एक भोंगा लाव’ म्हटले, तर केवळ तार ओढून भागत नसे. मागचा स्क्रूही बदलावा लागे. शाळेची पायरी न चढलेल्या ऑपरेटरलाही हा भागाकार तोंडी करावा लागे.

१७/२२
आता इसूफअलींच्या तंबूची ती १०० फूट लांबी आठवा. यंत्र एका टोकाला, पडदा आणि भोंगे दुसऱ्या टोकाला. जाती-येती तार मिळून २०० फूट, म्हणजे सुमारे ६१ मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला सुमारे २.१ ओहम रोध भरतो. भार ४ ओहमचा असेल तर एक तृतीयांश शक्ती तार तापवण्यातच जाते. १६ ओहमचा असेल तर सुमारे नववा हिस्सा. तंबू तोच, तार तीच. फक्त जोडणीतल्या फरकामुळे इतके अंतर पडते.

१८/२२
यावरचा उपाय म्हणजे तो ५०० लिहिलेला स्क्रू. अ‍ॅम्प्लिफायरमधून ५०० ओहमच्या हिशेबाने वीज सोडायची, लांब तारेतून न्यायची आणि भोंग्यापाशी दुसरे छोटे रोहित्र बसवून ती पुन्हा १६ ओहमवर उतरवायची. मग तारेतला तोटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गावोगाव वीज नेताना उच्च दाबाच्या वाहिन्या आणि गावकुसाबाहेरचे रोहित्र जे काम करतात, तेच हे लहान प्रमाणावर. मात्र १५ वॉटसाठी या तारेवर सुमारे ८७ व्होल्ट येतात. तिला निष्काळजीपणे हात लावणे परवडणारे नसे.

१९/२२
येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जुळवणी’ म्हणजे दोन्हीकडचे ओहम समान करणे, असे पुष्कळ जण मानतात. याचे मूळ मॉरिट्झ याकोबी यांनी १८४०च्या सुमारास मांडलेल्या नियमात आहे : उगमाचा आणि भाराचा रोध सारखा असला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. पण त्याच वेळी तितकीच शक्ती उगमातही जळते. ६एल६चा स्वतःचा अंतर्गत रोध त्याला हव्या असलेल्या भाराहून कितीतरी अधिक आहे. त्याला आपल्यासारखाच भार नको असतो. आवाज न फाटता अधिकाधिक काम होईल असा भार हवा असतो.

२०/२२
व्हॉल्व्हच्या काळातला सर्वांत कडक नियम : यंत्र चालू असताना स्पीकरची तार कधीही सोडायची नाही. भार नाहीसा झाला की रोहित्रातला दाब भलताच चढतो, ठिणगी पडते आणि आतले वेटोळे जळते. भरधाव उतरणाऱ्या बैलांचा नाडा अचानक तुटावा, तसा हा प्रकार. उलट, क्षणभर तारा एकमेकींना टेकल्या तर व्हॉल्व्ह बहुधा सोसून नेत. शागीर्दाला उस्तादाकडून मिळणारा हा पहिला धडा असे. १९७०च्या दशकापासून ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर पसरू लागले आणि हा धडा उलटा झाला. ट्रान्झिस्टरला स्पीकर सुटल्याची फिकीर नाही. तारा टेकल्या की मात्र तो क्षणात जातो. २० व्होल्टवर ८ ओहमला अडीच अँपिअर वाहतात, ४ ओहमला ५, आणि २ ओहमला १०. जुना नियम मनोभावे पाळणाऱ्या हातांनीच नवी यंत्रे जळावीत, अशी ही वेळ होती. ज्ञान खोटे ठरले नव्हते. ते ज्या यंत्रासाठी होते ते यंत्र बदलले होते.

२१/२२
मग फिल्मच गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चित्रपट उपग्रहाद्वारे आणि हार्ड डिस्कवर येऊ लागले. महाराष्ट्रातल्या यात्रांत फिरणाऱ्या अखेरच्या तंबू टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधले रोहित्र मात्र तांब्याच्या भावाने किलोवर विकले जाते. ते वितळले की त्या फेऱ्यांचा हिशेबही जातो, कारण तो कोणत्याही पुस्तकात उतरवलेला नव्हता.

२२/२२
म्हणून एक विनंती. पुसद, दिग्रस, उमरखेड, माहूर, तुम्ही जेथे असाल तेथे बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, जुन्या माइकवाल्याच्या माळ्यावर असा अ‍ॅम्प्लिफायर दिसला, तर मागच्या पट्टीचे छायाचित्र घ्या. आकडे टिपा. कोणत्या स्क्रूचे पितळ घासून गुळगुळीत झाले आहे, तेही पाहा. चार भोंगे लावत होते की एकच, हे त्यावरून कळू शकेल. तो चालवणारे आजोबा हयात असतील, तर त्यांना विचारा : यात्रेत भोंगे किती लावत होता, आणि तार कुठे जोडत होता? उत्तर मिळाले तर येथे खाली लिहा. मराठी बोलपटाच्या इतिहासात गाणाऱ्यांची नावे आहेत. ते गाणे शंभर फुटांवर पोचवणाऱ्यांची नोंद अजून व्हायची आहे.